साठ ओहम दिसले तरी बिघाड तिथेच होता

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. त्यानंतरचे दोन महिने माझ्या गॅरेजमध्ये बुडालेल्या गाड्यांशिवाय दुसरं काम नव्हतं. त्या गाड्यांचं एक बरं होतं, पाणी कुठवर गेलंय ते डोळ्यांना दिसायचं. खरी परीक्षा घेतली ती दिवाळीनंतर आलेल्या एका हॅचबॅकने.

गाडी एका निवृत्त शिक्षकांची. चालता चालता स्पीडोमीटरचा काटा एकदम शून्यावर यायचा, एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) आणि स्टीअरिंगचा दिवा लागायचा, आणि पाच-दहा मिनिटांनी सगळं आपोआप नीट व्हायचं. दुसऱ्या एका वर्कशॉपने त्यांना सांगितलं होतं की एबीएस मॉड्यूल, म्हणजे ती यंत्रणा चालवणारा छोटा कॉम्प्युटर, गेलंय, नवीनच टाकावं लागेल. आकडा ऐकून सर माझ्याकडे आले.

काटा शून्यावर येण्याचा एबीएसशी काय संबंध, असं सरांनी विचारलं. चाकांचा वेग सगळ्यात आधी एबीएसला कळतो. तो आकडा एबीएस कॅन लाइनवर, म्हणजे सगळ्या मॉड्यूलांच्या बोलण्याच्या सामाईक वायरींवर, टाकतं आणि मीटर, स्टीअरिंग, इंजिनचं मॉड्यूल (ईसीएम) आपापल्या गरजेप्रमाणे तो तिथून उचलतात. बॉश कंपनीने ही पद्धत १९८६ मध्ये मांडली. प्रत्येक माहितीसाठी वेगळी वायर ओढण्याऐवजी एकमेकींना पीळ घातलेल्या दोन वायरी, कॅन हाय आणि कॅन लो, आणि सगळी मॉड्यूल त्याच जोडीवर. त्यामुळे एबीएस गप्प झालं की दिवे भलत्याच ठिकाणी लागतात.

मॉड्यूलांनी नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचायला स्कॅनर लावला. इंजिनच्या मॉड्यूलमध्ये यू०१२१, स्टीअरिंगमध्ये यू०१२१, बॉडी मॉड्यूलमध्येही तोच. अर्थ एकच, एबीएसशी संपर्क तुटला. त्या वेळी गाडी नीट चालत होती, त्यामुळे एबीएस स्कॅनरला उत्तर देत होतं. त्याच्या मेमरीत यू०१०० होता, म्हणजे त्याच्या लेखी इंजिन गायब झालं होतं. मी तो कोड वाचला आणि पुढे गेलो. तिथेच थांबायला हवं होतं.

बॅटरीचं टर्मिनल काढलं, थोडा वेळ थांबलो आणि स्कॅनर जोडायच्या ओबीडी सॉकेटमधल्या ६ आणि १४ नंबरच्या, म्हणजे कॅन हाय आणि कॅन लोच्या, पिनांमध्ये ओहम (वायरीतला रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा) मोजले. (मल्टीमीटरची जाड टोकं त्या पिनांत कधी खुपसू नका. पिन फाकते आणि नसलेला लूज कॉन्टॅक्ट आपणच तयार करतो. मी बारीक सुई वापरतो.) मीटरवर ६१ आले. लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टन्स असतो. दोन्ही समांतर जोडलेले असल्यामुळे मिळून साधारण ६० दिसतात. १२० दिसले तर एक टोक तुटलंय, शून्याच्या जवळ दिसलं तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात.

६१ पाहून मी ठरवलं, लाइन चांगली आहे, दोष एबीएसच्या सप्लायमध्ये किंवा अर्थिंगमध्ये असणार. अर्थिंगचा बोल्ट खरोखरच गंजलेला निघाला. तो घासला, फ्यूज तपासला, गाडी दिली. आठव्या दिवशी सर परत आले. तक्रार तीच.

रात्री वहीत लिहिलेले कोड पुन्हा वाचत बसलो, तेव्हा यू०१०० चा अर्थ लागला. एबीएसचा सप्लाय किंवा अर्थिंग तुटत असतं तर ते मॉड्यूल बंदच पडलं असतं. बंद पडलेलं मॉड्यूल ‘इंजिनचा आवाज येत नाही’ अशी नोंद कुठून करणार? म्हणजे बिघाडाच्या वेळी एबीएस जागं होतं, ऐकत होतं, आणि त्याला कुणाचंच काही ऐकू येत नव्हतं. बाकीच्यांना त्याचं ऐकू येत नव्हतं. मधली वायर तुटत होती, आणि ६१ ओहम मी ती जुळलेली असताना मोजले होते.

दुसऱ्या दिवशी सुया ६ आणि १४ मध्ये ठेवून मीटर डॅशबोर्डवर टेकवला, गॅरेजमधल्या पोराला त्यावर नजर ठेवायला बसवलं आणि इंजिनच्या बाजूने हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवायला सुरुवात केली. बॅटरीजवळ हलवलं, ६१. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, रबरापाशी, ६१. मग ड्रायव्हरच्या पायाशी प्लास्टिकचं कव्हर काढून आतला मोठा कपलर (वायरी जोडणारा प्लग) नुसता दाबला आणि पोरगा ओरडला, “भाऊ, एकशे वीस!” सोडला की पुन्हा ६१. या गाडीत लाइनचं एक टोक एबीएसमध्येच आहे. ते सुटलं की आकडा १२० वर जाणारच.

मी सरांना फोन केला. “सर, पुरात गाडी कुठे होती?”

“अरे, बुडाली नव्हती रे आपली गाडी. मॅटपर्यंत पाणी आलं होतं फक्त. पुसून दोन दिवस उन्हात ठेवली, म्हणून तुला काही बोललो नाही.”

हा प्रश्न पहिल्याच दिवशी मी विचारायला हवा होता. चिपळूणमध्ये त्या वर्षी आलेल्या प्रत्येक गाडीला तो विचारायलाच हवा होता.

कपलर उघडला. बाकीच्या पिना ठीक होत्या, कॅन हायच्या पिनेवर मात्र हिरवा थर. वायरचं वरचं आवरण कापलं तर आतलं तांबं चार बोटं वरपर्यंत हिरवं-काळं. पुराचं गढूळ पाणी तारांच्या मधून वर चढलं होतं आणि चार महिने आत काम करत होतं. बाहेरून वायर नव्यासारखी. शेजारीच पिवळे कपलर होते, ते एअरबॅगचे. त्यांना मल्टीमीटर लावायचा नसतो, म्हणून पोराला आधीच लांब ठेवलं होतं.

चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर कापली, तेवढाच नवा तुकडा जोडला, नवी पिन दाबून घट्ट बसवली (क्रिंप केली), आतून गोंद असलेली स्लीव्ह चढवली. पीळ कपलरच्या तोंडापर्यंत परत घातला. ही गोष्ट अनेक जण सोडून देतात. बाहेरचा विद्युत गोंधळ पिळलेल्या दोन्ही वायरींवर सारखाच येतो आणि मॉड्यूल तर दोघींमधला फरक वाचतं, म्हणून तो गोंधळ वजा होऊन जातो. वायरी सरळ सोडल्या की हे संरक्षण त्या जागी कमी होतं.

मग कपलर दाबला, ओढला, हलवला, आकडा ६१ वरून हलला नाही. बॅटरी जोडून इग्निशन दिलं, कॅन हायवर २.६ व्होल्ट आणि लोवर २.४ मिळाले. मल्टीमीटर सरासरी दाखवतो, बेरीज पाचच्या आसपास आली की माझं समाधान होतं. कोड पुसले आणि सरांना शेजारी बसवून कुंभार्ली घाटात वरपर्यंत जाऊन आलो. खड्डे मुद्दाम चुकवले नाहीत. परत येऊन स्कॅनर लावला, एकही कोड नव्हता.

अर्थिंगच्या कामाचे घेतलेले पैसे मी बिलातून वजा केले. सर नको म्हणत होते. पण ती दुरुस्ती या बिघाडाची नव्हती.

पुढच्या जुलैत, चांगला तीन आठवडे पाऊस लागून राहिल्यावर, ते नेहमीच्या सर्व्हिसिंगला आले. ऑइल काढायच्या आधी मी सुया घेऊन पायाशी वाकलो. ६१. कपलर दाबून पाहिला. ६१.