पोरात गुण आहे का, वस्ताद?

तालमीत पोराला सोडायला आलेला बाप दारातच विचारतो, "वस्ताद, खरं सांगा, पोरात मुळात गुण आहे का? का नुसत्या मेहनतीवर पैलवान होतो?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. गुण असतो. नसतो म्हणून तुमची समजूत काढणार नाही.

माझ्याकडं एकाच पावसाळ्यात दोन पोरं आली. एकाला ढाक, म्हणजे मान धरून कमरेवरून फेकायचा डाव, फारशी शिकवावी लागलीच नाही. समोरच्याचा तोल सुटला की याचा हात आपोआप मानेवर जायचा. दुसऱ्याचा एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून पाडायचा डाव, महिनोन्‌महिने चुकायचा. डोकं खाली, गुडघा उशिरा, आणि तोंडात माती. पहाटे जोर-बैठका दोघांच्या सारख्याच, खुराकही सारखाच. पण पहिला रोज ढाकच लावायचा, कारण ती लागायची. दुसरा रोज पट काढायचा, कारण तो चुकायचा. तिसऱ्या वर्षी जत्रांच्या मैदानात पहिल्याची ढाक सगळ्यांना पाठ झाली होती, समोरचा मानेला हातच लावू द्यायचा नाही. दुसऱ्याचा पट आजही देखणा नाही. पण निघतो.

म्हणून मी मेहनत किती हे विचारत नाही, कुठं लावली ते बघतो.

खाशाबा जाधवांचं बघा. कराडजवळच्या गोळेश्वरचा, लहान चणीचा हा मल्ल १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेला आणि ५२ किलो गटात सहावा आला. गुण होता, मेहनतही होती, पण ती मातीवरची. मातीत घामानं अंग निसटायला लागलं की मूठभर माती समोरच्याच्या अंगाला चोळायची, पकड बसते. ऑलिंपिकच्या मॅटवर, म्हणजे गादीवर, ती सोय नाही. शिवाय आपल्याकडं पाठ लागेपर्यंत कुस्ती चालते; तिथं घड्याळ चालतं आणि डावांचे गुण मोजतात. नवा माणूस यात गोंधळतोच. सहावा नंबर घेऊन परत आलेल्या माणसाला गावात मान कमी नव्हता. तेवढ्यावर थांबता आलं असतं. चार वर्षांनी, १९५२ साली, ते हेलसिंकीला वजन वाढवून ५७ किलो गटात उतरले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या वारीसाठी पैसा उभा करताना किती जणांच्या दारात जावं लागलं, ते आठवलं की आजही गलबलून येतं. पोर एकटं पैलवान होत नाही, हेही तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो.

तेव्हा तुमच्या पोरात गुण किती, ते मी आज सांगू शकत नाही. पहिल्या सहा महिन्यांत तो दणकून आपटेल. आपटल्यावर त्याच डावाला परत उभा राहतो का, का दुसराच डाव मागतो, एवढं मी बघणार आहे.

उद्या पहाटे पाचला पाठवा. लंगोट दोन द्या, पावसाळ्यात एक वाळत नाही.