कुठल्या दिंडीचे?

मावायानीला गाडीरस्ता संपतो. तिथून कोय्युर रितीच्या वारीची वाट, सिनाकाराच्या देवस्थानापर्यंत 8 किलोमीटर चढ. आळंदी ते पुणे चाललेल्या माझ्या पायांना एवढं अंतर म्हणजे चहापूर्वीचा फेरफटका. पण पेरूतल्या कुस्कोकडची ही वाट साडेचार हजार मीटरांच्या वर जाते. शंभर पावलांत फुप्फुसांनी हात जोडले.

ओकोंगातेकडच्या एका शेतकरी घरात मी पैसे देऊन उतरलो होतो. बटाटे काढायचे, लोकर कातायची, चुलीपाशी जेवायचं. सगळ्याचा दर ठरलेला. फोटोपुरता पोंचोही अंगावर चढवला, त्याची आता लाज वाटते. या वारीला जायचं म्हटल्यावर मात्र घरच्या मावशींनी पैशांचा विषयच काढला नाही. बटाटे आणि चुन्यो, म्हणजे थंडीत गोठवून वाळवलेले बटाटे, भरलेलं एक पोतं त्यांनी माझ्या पाठीवर बांधलं.

वाटेत क्रूस लागतात. लोक खालून आणलेला दगड तिथे ठेवतात आणि पुढे निघतात. बासऱ्या, ढोल, नाच चालूच. गर्दी वाटते, पण विस्कळीत नाही. इथे आठ ‘नासियोन’ आहेत: पाउकारताम्बो, किस्पिकांची, कांचिस, आकोमायो, पारुरो, तावांतिनसुयो, आंता, उरुबाम्बा. ज्याचा मुलूख, त्याची नासियोन. मला तर या दिंड्याच वाटल्या. देवस्थानातल्या खडकावरच्या ख्रिस्ताच्या प्रतिमेपुढे नाचायचं तेही आपापल्या नासियोनच्या नावानं. 2011 साली युनेस्कोनं ही यात्रा अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, पण इथली ओळख त्याच्या कितीतरी आधीची.

शिस्त सांभाळतात ते पाब्लितो. झिपऱ्यांचा अंगरखा, विणलेला मुखवटा, हातात चाबूक, आणि बोलणं मुद्दाम चिरक्या आवाजात. अर्धं अस्वल, अर्धा माणूस. पूर्वी हे हिमनदीवरून बर्फाचे तुकडे पाठीवर लादून खाली आणत. ते पाणी औषधी मानलं जाई. हिमनदी आटू लागली तशी त्यांनी ही प्रथा थांबवली. आपल्याकडे चंद्रभागेसाठी एवढा त्याग कुणी केलाय का, असं मनात येऊन गेलं.

देवस्थानाच्या अलीकडे असाच एक पाब्लितो मला आडवा आला. कॅमेऱ्याकडे बघत चिरकला, ‘‘कुठली नासियोन?’’

मला काही सुचेना. मागून मावशी धापा टाकत आल्या आणि केचुआ भाषेत काहीतरी म्हणाल्या. मला त्यातला ‘किस्पिकांची’ एवढाच शब्द कळला. पाब्लितोनं माझ्या पाठीवरचं पोतं चाबकाच्या मुठीनं दाबून पाहिलं आणि वाट सोडली.

‘‘काय सांगितलंत?’’ मी विचारलं.

‘‘आमचे बटाटे वाहतोय म्हटलं.’’