इंदूर विमानतळाजवळ मुक्काम: आधी रस्ता ठरवा, मग हॉटेल

इंदूरचा विमानतळ गावापासून लांब नाही, हे आधीच सांगून टाकतो. राजवाड्यापासून तो जेमतेम आठ-नऊ किलोमीटर. रात्री रस्ते मोकळे झाल्यावर उतरलात तर वीस-पंचवीस मिनिटांत सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, दहीवड्याच्या गाडीपुढे उभे राहता येतं. त्यामुळे तिथलंच हॉटेल घ्यायला काहीतरी कारण लागतं. आमच्याकडे ते होतं. पुण्याहून विमान रात्री उशिरा पोचणार, सोबत सत्तरी ओलांडलेले आई-बाबा, दुसऱ्या दिवशी सकाळी उज्जैन. परतीचं विमान भल्या पहाटे. मधला मुक्काम इंदुरातल्याच रामबागेत आत्याकडे. तिच्या नातवाची मुंज असल्यामुळे घर पाहुण्यांनी भरलेलं. आमची तिथे सोय झाली असती, पण पहाटे साडेतीनला सगळ्यांच्या अंथरुणांवरून उड्या मारत बाहेर पडणं बाबांना जमलं नसतं. म्हणून पहिली आणि शेवटची रात्र हॉटेलात काढली.

या गावात हॉटेल निवडताना किलोमीटरपेक्षा दिशा बघावी, असं माझं मत झालंय. उज्जैनला जायचं असेल तर विमानतळाची बाजू सोयीची. तिथून सुपर कॉरिडॉर धरला, टीसीएस आणि इन्फोसिसची आवारं मागे टाकली, की गावात न शिरता उज्जैनच्या रस्त्याला लागता येतं. पुढे साधारण पन्नास-पंचावन्न किलोमीटर. धार-मांडूला जाणाऱ्यांनाही पश्चिमेची ही बाजू चालते. ओंकारेश्वरला जायचं असेल तर मात्र खंडवा रोड गाठायला अख्खं इंदूर ओलांडावं लागतं, ते सकाळच्या गर्दीत कशाला करायचं? त्यांनी भंवरकुआँच्या बाजूला खोली बघावी. आणि फक्त खायला आला असाल (इंदूरला असे लोक भरपूर येतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही) तर राजवाड्याच्या किंवा स्टेशनच्या आसपास उतरा. मोठी नावाजलेली हॉटेलं बहुतेक विजयनगर, एबी (आग्रा-बॉम्बे) रोडकडे आहेत. ती विमानतळाच्या बरोब्बर विरुद्ध टोकाला पडतात.

उज्जैनला महाकालाच्या भस्म आरतीचा बेत असेल तर इंदूरला झोपायचा विचारच सोडा. आरती पहाटे चारला सुरू होते आणि रांगेत त्याच्या बऱ्याच आधी उभं राहावं लागतं, म्हणजे इथून मध्यरात्रीच निघायचं. विमानतळावरून गाडी थेट उज्जैनला न्या आणि तिथेच मुक्काम करा. आम्ही साधं दर्शन घेणार होतो, म्हणून आमचं भागलं.

आता पत्त्याबद्दल. एअरपोर्ट रोड, किंवा जुन्या सवयीने एरोड्रम रोड, हा चांगला लांब रस्ता आहे. 25 फुटी मूर्तीच्या बडा गणपतीपासून तो निघतो आणि कालानी नगरवरून टर्मिनलकडे जातो. पत्त्यात ‘एअरपोर्ट रोड’ दिसलं म्हणून हॉटेल फाटकाशीच असेल असं नाही, ते चार-पाच किलोमीटर अलीकडे बडा गणपतीच्या वळणावरही असू शकतं. ॲपवर ‘विमानतळापासून 1.2 किमी’ असं लिहिलेलं असतं, ते अंतर बहुधा सरळ रेषेत मोजलेलं असतं. मध्ये धावपट्टी आली तर त्या सरळ रेषेवरून तुम्हाला जाता येत नाही. नकाशात हॉटेलपासून ‘टर्मिनल’ या ठिकाणापर्यंत गाडीचा रस्ता काढून बघा. आम्ही पसंत केलेल्या एका हॉटेलचं सव्वा किलोमीटर असं बघितल्यावर साडेचार झालं. मेट्रोचा पहिला टप्पा 31 मे 2025 ला सुरू झाला खरा, गांधीनगर ते सुपर कॉरिडॉर, पण तो टर्मिनलच्या दारापर्यंत येत नाही. बॅगा घेऊन त्याच्या भरवशावर राहू नका.

खोली ॲपवर शोधायची आणि नक्की करण्याआधी हॉटेलला फोन लावायचा, ही माझी पद्धत. ॲपवर 2,180 दाखवत होते, कर आणि सेवाशुल्क धरून पेमेंटच्या पानावर ते 2,400 च्या वर गेले. तीच खोली फोनवर 2,000 ला मिळाली, कर धरून. 22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 5 टक्के आहे, आधी तो 12 होता. कोणी अजून 12 टक्के लावून आकडा सांगत असेल तर तिथेच विचारा. मात्र फोनवर ठरवलं तर व्हॉट्सॲपवर तारीख, दर, खोलीचा प्रकार आणि ‘रात्री साडेअकराला पोचू’ हे लिहून घ्या. उशिरा येणाऱ्याची खोली दुसऱ्याला देऊन टाकायची खोड बऱ्याच ठिकाणी असते.

फोनवर आणखी काय विचारायचं? लिफ्ट तळमजल्यापासून आहे का, हे आधी. या रस्त्यावर खाली दुकानं, वर हॉटेल अशा इमारती पुष्कळ. रिसेप्शन पहिल्या मजल्यावर, लिफ्ट तिथून पुढे, आणि रस्त्यापासून तिथपर्यंत अरुंद जिना. ॲपवर ‘लिफ्ट: आहे’ लिहिलेलं असतं, ते खोटं नसतं. पहिल्या रात्री आमच्या बॅगा एक पोरगा डोक्यावर घेऊन गेला आणि आई कठडा धरून एकेक पायरी चढली. दुसरा प्रश्न खिडकीचा. स्वस्त खोल्यांना ती कधी नसते, कधी डक्टमध्ये उघडते. तिसरा प्रश्न जवळच्या मॅरेज गार्डनचा. लग्नाच्या दिवसांत डीजे दहाला बंद व्हायला हवा, आणि तो होतोही, पण त्यानंतर वरातीच्या गाड्यांचे हॉर्न आणि भांडी आवरण्याचा खणखणाट सुरू होतो. रस्त्याच्या उलट बाजूची खोली मागा.

टर्मिनलबाहेरच्या गाड्यांचा एक चमत्कारिक प्रकार असा की हॉटेल जितकं जवळ तितकी गाडी मिळायला अवघड. दीड-दोन किलोमीटरच्या भाड्याला चालक तयार होत नाहीत. ॲपवर स्वीकारतात, फोन करून कुठे जायचंय विचारतात आणि मग रद्द करतात. हॉटेलकडून गाडी पाठवतील का ते आधीच विचारा. आमच्याकडून दोनशे रुपये घेतले, अंतराच्या मानाने जास्त, पण रात्री पावणेबाराला आई-बाबांना घेऊन रस्त्यावर ताटकळण्यापेक्षा परवडले.

शेवटच्या रात्रीसाठी दुसरं हॉटेल घेतलं, टर्मिनलला खरोखर जवळचं. आत्या म्हणाली, मीही येते, रात्रभर दादाशी गप्पा मारीन आणि सकाळी तुम्हाला सोडून घरी जाईन. रिसेप्शनवरच्या मुलाने तिचं आधार कार्ड उलटंपालटं करून बघितलं आणि परत केलं. “सर, लोकल आयडी पे रूम नहीं होगा.” मी म्हटलं, अहो, ह्या माझ्या आत्या, वय अडुसष्ट. “समझ रहा हूँ भिया, पर मालिक का नियम है.” असा कायदा कुठेही नाही, हॉटेलवाल्यांनी आपलाआपण केलेला नियम आहे, आणि तो इंदुरातच नव्हे तर सगळीकडे आढळतो. आत्याने पर्स बंद केली. “जन्म गेला रामबागेत, आणि माझ्याच गावात मला खोली नाही!” दहा वाजेपर्यंत लॉबीतल्या सोफ्यावर भावा-बहिणीच्या गप्पा झाल्या आणि आतेभाऊ तिला घेऊन गेला. तुमच्याबरोबर गावातलं कोणी राहणार असेल तर हे आधीच स्पष्ट करून घ्या. पॅन कार्ड ओळखपत्र म्हणून चालत नाही, त्यावर पत्ता नसतो. आधार द्यायचं नसेल तर लायसन्स किंवा पासपोर्ट जवळ ठेवा.

पहाटेच्या विमानासाठी खोली घेणाऱ्यांनी विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न गरम पाण्याचा. भिंतीवर छोटी पाटी होती: गरम पाणी सकाळी 6 ते 10. आमचं विमान सहाच्या आधी! खोलीत स्वतंत्र गीझर असेल तर प्रश्न नाही, पण गच्चीवरच्या सोलरचं किंवा एकाच बॉयलरचं पाणी असेल तर रात्रीच सांगून बादली मागवा. आम्ही मागवली, आली, वर चहाही आला. बिलही रात्रीच चुकतं करा. पहाटे काउंटरवर कोणी नसतं, सोफ्यावर झोपलेल्याला हलवून उठवावं लागतं आणि यूपीआय नेमकं तेव्हाच अडकतं. गाडी आदल्या रात्री हॉटेलकडूनच सांगून ठेवा. देशांतर्गत उड्डाणाचे काउंटर साधारण तासभर आधी बंद होतात आणि त्या वेळी ॲपवर गाडी मिळेलच असं नाही.

डिसेंबर-जानेवारीत जात असाल तर दिल्लीकडच्या धुक्याने सकाळची विमानं लांबतात. उशिरा चेक-आउट मिळेल का, किती पैसे पडतील, हे तेव्हा विचारून ठेवलेलं बरं.

आणि तारखा बघा. नवरात्रात विमानतळाजवळच्या बिजासन टेकडीवर देवीची मोठी जत्रा भरते. त्या दिवसांत एअरपोर्ट रोडवर माणसांचा पूर असतो, वीस मिनिटांच्या रस्त्याला दुप्पट वेळ धरा. रंगपंचमीला राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघते, त्या दिवशी जुन्या गावातून विमानतळाकडे गाडी काढणं म्हणजे रंगवून घ्यायची तयारी. उज्जैनचा सिंहस्थ 2028 मध्ये आहे. उज्जैनला प्रवासी विमानांचा विमानतळ नसल्यामुळे विमानाने येणारी बहुतेक गर्दी इथेच उतरणार. ज्यांचं जायचं नक्की आहे त्यांनी रद्द केल्यास पैसे परत मिळतील अशी खोली सापडली, की लगेच धरून ठेवावी.