नाव सांगणारी डॉक्टर

आज दिवसभर आईसोबत हॉस्पिटलात. सकाळपासून चौघं आले, बीपी घेतलं, रक्त काढलं, गेले. नाव एकाचंही कळलं नाही. संध्याकाळी एक शिकाऊ डॉक्टर आली, स्टूल ओढून बसली, आधी स्वतःचं नाव सांगितलं. आईचा चेहराच खुलला. (मग तिचं गाव, आडनाव, सगळं विचारून झालं, ते वेगळंच!)

मला केट ग्रेंजर आठवली. इंग्लंडमधली, म्हाताऱ्या माणसांची डॉक्टर. २०११ मध्ये दुर्मीळ कॅन्सर निघाला. २०१३ मध्ये स्वतः पेशंट म्हणून पडलेली असताना तिलाही हेच खुपलं, कुणी नावच सांगत नाही. मग 'हॅलो, माय नेम इज' ही मोहीम. गेली २०१६ मध्ये, लग्नाच्या वाढदिवशीच. वय ३४.

आई आत्ता फोनवर मावशीला त्या मुलीचं नाव सांगतेय. तिसऱ्यांदा.