आबांना तिरंग्यात का नेलं नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. यापूर्वीही पुष्कळांनी विचारलंय. कुणी दहाव्याला, कुणी एसटीत शेजारी बसून, कुणी फोनवर आवाज खाली आणून. "एवढी वर्षं फौजेत काढलेला माणूस, एकाहत्तरची लढाई केलेला. घरात झेंडा असून त्यांना नुसत्या पांढऱ्या कापडात नेलंत?"

झेंडा घरात होता, खरं आहे. 2022 चा ऑगस्ट, घरोघरी तिरंगा लावला होता. 15 तारखेच्या संध्याकाळी आबांनी आमचा झेंडा स्वतः उतरवला आणि पडवीत बसून घडी घातली. एक बाजू त्यांच्या हातात, दुसरी माझ्या. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या मागं दुमडायचा, मग पांढरा दोन्हीकडून आत घ्यायचा, वर चक्र दिसलं पाहिजे. माझी बाजू जराशी तिरकी गेली, तर त्यांनी सगळा पुन्हा उलगडायला लावला. मग दोन्ही तळहातांवर घेऊन आत गेले आणि आपल्या काळ्या ट्रंकेत ठेवला. तिसऱ्या दिवशी पहाटे झोपेतच गेले.

आबा म्हणजे माझे आजोबा. 1965 ला खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर दलात भरती झाले, 1989 ला हवालदार म्हणून घरी आले. त्यानंतर तीस वर्षं गावातल्या पोरांना पहाटे पाचला भरतीसाठी पळवलं. ज्यांना पळवलं, त्यांतलीच पोरं त्या सकाळी दारात उभी होती. रडत होती आणि म्हणत होती, ट्रंकेची किल्ली द्या. वडील उठलेही. आजी म्हणाली, "किल्ली मिळायची न्हाई. त्यांनी नको म्हणून सांगितलंय."

नियमाचं म्हणाल तर तो सरळ आहे. शासकीय इतमाम किंवा लष्करी, निमलष्करी दलांचा अंत्यविधी असेल तरच तिरंगा पार्थिवावर घालता येतो. तेव्हाही केशरी पट्टी डोक्याकडे हवी, आणि झेंडा चितेवर जाता कामा नये, आधी काढून घ्यायचा. म्हातारपणी घरी वारलेल्या प्रत्येक माजी सैनिकाला हा इतमाम मिळतोच असं नाही. आणि तो नसेल तर घरच्यांनी प्रेमापोटीसुद्धा झेंडा पांघरायचा नाही, 1971 च्या कायद्यानं तो अवमान ठरतो. हे आबांनीच मला शिकवलं होतं, शाळेच्या झेंडावंदनाला नेताना.

पण आजीनं किल्ली दिली नाही, ती कायद्यासाठी नव्हे.

लढाई संपली तरी सॅपरचं काम संपत नाही. जमिनीत पेरलेल्या माइन्स, म्हणजे सुरुंग, नंतर कुणीतरी हातानं उचलायच्या असतात. 1972 मध्ये आबा त्याच कामावर होते, पश्चिम सीमेवर, कुणाच्या तरी गव्हाच्या रानात. शांतता झालेली होती. तिथं त्यांच्या शेजारच्या पट्ट्यात काम करणारा जोडीदार गेला. मांडीला मांडी लावून जेवायचे दोघं. त्याच्यावर घातलेला झेंडा आबांनी पाहिला होता. कुणी त्यांच्यापाशी तिरंग्याचा विषय काढला की एकच बोलायचे, "तो त्याचा. मी घरी आलोय."

एकाहत्तरच्या लढाईची दोन पदकं होती त्यांच्याकडे, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल. "ही सगळ्यांना मिळतात," असं स्वतःच सांगून टाकायचे. आम्ही पराक्रमाची गोष्ट मागितली की स्वतःची कधी सांगितली नाही, रामा राघोबा राणे यांची सांगायचे. राणे कारवारजवळच्या चेंडियाचे आणि सॅपरच. 8 ते 11 एप्रिल 1948, जम्मू-काश्मीरमधला नौशेरा-राजौरी रस्ता. शत्रूनं चिडाची झाडं आडवी पाडलेली, भोवती सुरुंग पेरलेले, वरून मशीनगन. पहिल्याच दिवशी तोफगोळ्यांच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले दोघे ठार आणि पाच जखमी झाले, त्या पाचांत स्वतः राणे होते. तरी माणूस हटला नाही, रणगाड्यांना वाट करून देत राहिला. 12 तारखेला राजौरी हाती आली. राण्यांना परमवीरचक्र मिळालं. 1947-48 च्या त्या सबंध युद्धातल्या पाच परमवीरचक्रांपैकी तीन मरणोत्तर होती. "राणेसाहेब आणि करमसिंग, दोघं हयात राहिले. ध्यानात ठेव," असं आबा म्हणायचे. राणे 1994 ला पुण्यात वारले. त्या रात्री आबा जेवले नव्हते, असं आजी सांगते.

आमच्या रानात आल्याचं, म्हणजे अद्रकाचं पीक असतं. काढणीला आम्हा पोरांच्या हातात खुरपं दिलं की आबा मागं उभे राहायचे. "वरनं दाबायचं न्हाई. आडवं धर. बाजूनं विचार त्याला, हायस का म्हणून." हीच रीत माइन शोधायची, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. गज तिरका घालायचा, म्हणजे तो माइनच्या कडेला लागतो, वरच्या दाबाच्या भागाला नाही. बारा-तेरा वर्षांचा होतो मी. आल्याचा गड्डा मोडला तर शिव्या बसतील एवढीच भीती वाटायची.

त्या दिवशी दुपारपर्यंत त्यांचे तीन जुने सोबती आले, दोन एसटी बदलून. डोक्यावर फौजी बेरे टोप्या, कोटावर मेडलं. सगळ्यात थोरल्यांना नीट उभं राहवत नव्हतं, तरी "सावधान" त्यांनीच दिलं. आवाज फुटला नाही, पण अंगणातली सगळी पोरं ताठ झाली. तिघांनी सलाम केला आणि पहिला खांदाही मागून घेतला. वडिलांनी दिला.

ओढ्याकडं जाणारी वाट पावसानं निसरडी झाली होती, मध्येमध्ये पाणी साठलेलं. चार पावलांवर थोरल्यांना दम लागला, तेव्हा खांदा मी घेतला. मला वाटलं, ते मागं थांबतील. ते पुढं गेले. हातातली काठी आडवी धरून, प्रत्येक डबक्यात तिरकी घालून बघत, आमच्या दहा पावलं पुढं. बोलत नव्हते. नुसता हात दाखवायचे, इकडनं, इकडनं. आम्ही त्यांच्या पावलावर पाऊल टाकत आबांना नेलं, अगदी ओढ्यापर्यंत.