अ‍ॅव्ह्रोच्या पाठीवरची तबकडी : खेप तिसरी

मागच्या खेपेला विमानाच्या लाकडी मॉडेलला पंख बसवून थांबलो होतो, त्याला अडीच महिने झाले. मधे घरात एक बारसं झालं आणि मग बेळगावचा पाऊस लागला. या दिवसांत आमच्याकडं भिंतीसुद्धा ओल धरतात, तिथं लॅकर प्राइमर काय वाळणार? तरी खाज म्हणून एक हात मारून बघितला. सकाळी डावा पंख ताकात बुडवून काढल्यासारखा पांढरट. सगळा खरवडला, पुन्हा ४०० नंबरचा पॉलिश पेपर मारला आणि ठरवलं, पाऊस उघडेपर्यंत रंगाच्या डब्याला हात लावायचा नाही. तोवर विमानाच्या पाठीवरची रडारची तबकडी उरकायची.

ज्यांनी आधीच्या दोन खेपा वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: १:७२ मापात एच.एस. ७४८ विमानाचं मॉडेल करतोय. कानपूरला एचएएलनं बांधलेलं, ज्याला सगळे अ‍ॅव्ह्रो म्हणतात ते. तिथं जोडलेलं पहिलं १९६१ च्या १ नोव्हेंबरला उडालं. पण माझं माणसं-सामान नेणारं नव्हे. डीआरडीओच्या 'ऐरावत' प्रकल्पातलं, पाठीवर फिरती रडार-तबकडी घेऊन १९९० साली उडालेलं. त्याचं किट हाताशी नाही, म्हणून सगळं सागवानातून. खऱ्याची लांबी २०.४२ मीटर, म्हणजे माझ्याकडं २८४ मिलिमीटर. पोटाचा व्यास ३७ मिलिमीटर. हा ३७ चा आकडा ध्यानात ठेवा, पुढं त्यानंच मला रडवलंय.

तबकडी पाठीवर कशाला, हे मला पाहुणे हमखास विचारतात. मी त्यांना निपाणी आणि मुंबई सांगतो. बेळगावात २५ मीटर उंच मनोऱ्यावर रडार ठेवलं आणि समोरून विमान जमिनीपासून १०० मीटरवरून येत असलं, तर पृथ्वीच्या गोलाईमुळं ते साधारण ६० किलोमीटरच्या आत आल्यावरच दिसणार. म्हणजे निपाणी गाठेपर्यंत पत्ता नाही. (वाटेतले डोंगर यात धरलेलेच नाहीत.) तेच रडार ९ किलोमीटर उंच नेलं की हिशेब ४३० किलोमीटरच्या आसपास जातो, मुंबई त्यात सहज बसते. रडार किती ताकदीचं हा पुढचा प्रश्न. आधी नजर तरी पोचली पाहिजे. राजहंसगडावर चढून येळ्ळूरची शेतं ज्यानं बघितली आहेत त्याला यापेक्षा जास्त समजावायला लागत नाही.

आता मुख्य काम. तबकडी म्हणजे कडेला निमुळती होत गेलेली, वरून-खालून फुगीर वस्तू. हातानं घासून ती गोल होते, पण दोन्ही बाजूंचा फुगवटा सारखा येत नाही. दोन वाया घालवल्या. शेवटी उद्यमबागेत एका पॅटर्नवाल्या काकांकडं गेलो. आयुष्यभर फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न (ज्यावरून ओतकामाचा साचा घेतात ते) केलेला माणूस, वय सत्तरीच्या पुढं, अजून रोज सकाळी लेथजवळ येऊन बसतात. माझा कागद त्यांनी उलटासुलटा केला.

"कशाला पायजे रे हे? पापड लाटतोस काय यावर?"

विमानाचं रडार आहे म्हटल्यावर चष्मा पुसला आणि कामाला लागले. सागवानाच्या दोन फळ्या घेतल्या, एकीच्या रेषा दुसरीला आडव्या येतील अशा चिकटवल्या. एकच जाड तुकडा घेतला तर पावसाळ्यात फुगून तबकडीची लंबगोल भाकरी होते म्हणाले. पत्र्याचा टेंप्लेट कापून वरचा फुगवटा काढला, मग उलटी धरून त्याच टेंप्लेटनं खालचा. वीस मिनिटांत माझे दोन महिने भरून निघाले.

घरी येऊन व्हर्नियर लावला तर जवळजवळ १ मिलिमीटरनं मोठी. दुसऱ्या दिवशी परत गेलो. काकांनी माझ्याकडं नाही, आपल्या पट्टीकडं बघितलं आणि हसायला लागले. ती श्रिंकेजची पट्टी होती. ओतलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना साधारण शेकडा एक आकसतं, म्हणून पॅटर्नवाल्यांच्या पट्टीवरच्या खुणा तेवढ्या ताणलेल्या असतात. पन्नास वर्षं तीच हातात. म्हणजे माझी तबकडी आकसून बरोबर मापाची व्हायची वाट बघत होती, फक्त ती ओतायची राहिली होती! पुन्हा लेथवर चढवून कड उतरवली. आता माप बरोबर आहे.

तबकडी नुसती बसवायची असती तर खेप इथंच संपली असती. पण मला ती फिरती पाहिजे. अमेरिकेच्या ई-३ सेंट्री या रडार-विमानाची तबकडी ९.१ मीटर व्यासाची, मिनिटाला ६ फेऱ्या घेते, म्हणजे दर दहा सेकंदांनी चहूकडची एक नजर. रडार बंद असलं तरी ती अगदी मंद फिरत ठेवतात, बेअरिंगला वंगण मिळत राहावं म्हणून. आता इतकी सावकाश फिरणारी मोटर आणायची कुठून? खेळण्यातली मोटर गिअर लावूनही गरगर फिरते.

उत्तर भंगारात सापडलं. मायक्रोवेव्हमधली काचेची थाळी फिरवणारी मोटर! तिच्यावर छापलेलंच असतं, ५/६ आरपीएम. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ५ फेऱ्या. आणि रडारला शोभेल अशा घराण्यातली, कारण मायक्रोवेव्हमधला मॅग्नेट्रॉन हा दुसऱ्या महायुद्धातल्या रडारमधूनच स्वयंपाकघरात आलेला. मोटर घेऊन घरात शिरलो तर बायकोनं आधी स्वयंपाकघरात जाऊन आपला मायक्रोवेव्ह चालू करून बघितला, मगच चहा टाकला.

मोटरचा व्यास ४९ मिलिमीटर. पोट ३७ चं. बसत नाही ते नाहीच.

दोन रात्री गेल्या. मग मोटर खाली लाकडी बैठकीत टाकली आणि तिच्यापासून तबकडीपर्यंत सायकलचा स्पोक उभा नेला: स्टँडच्या नळीतून वर, पोटातून आरपार, पाठीवरच्या खांबातून तबकडीच्या मध्यात. पोटात आणि खांबात स्पोक घासू नये म्हणून जुन्या पितळी रिफिलचे तुकडे बुश म्हणून ठोकले. रिफिल रॉकेलमध्ये दोन दिवस बुडवून ठेवा, नाहीतर उरलेली शाई वर्षभर झिरपत राहते. भोक पाडताना ड्रिल मशिन हातात धरू नका, स्टँडवर लावा. माझं अर्धा मिलिमीटर तिरकं गेलंय आणि तबकडी फिरताना एका बाजूला किंचित झुकते. लांबून कळत नाही. मला कळतं. आणि बैठकीत २३० व्होल्ट आहेत, तेव्हा जोडणी नीट झाकल्याशिवाय पोरांच्या हाताशी ठेवू नका.

एक गंमत: ही सिंक्रोनस मोटर सुरू होताना मनाला येईल त्या दिशेला फिरते. घरचा मायक्रोवेव्ह बघा, थाळी कधी डावीकडून जाते, कधी उजवीकडून. माझा ऐरावत तसाच लहरी निघालाय.

हे वाचून कुणी आपल्या फाल्कनच्या मॉडेलला मोटर लावायच्या विचारात असेल तर थांबा. फाल्कन म्हणजे आपल्या वायुदलाच्या आयएल-७६ वरचं रडार; त्याची तबकडी दिसते तशीच, पण फिरत नाही. आत तीन अँटेना त्रिकोणात उभे आहेत, प्रत्येकाकडं १२० अंश, आणि किरण विजेनंच वळवला जातो. ती फिरवलीत तर जाणकार हसतील. डीआरडीओच्याच नेत्रा या रडार-विमानाचं त्याहून सोपं: एम्ब्रेअर १४५ च्या पाठीवर आडवी पेटी, दोन्ही बाजूंना मिळून २४० अंश. नाकाच्या आणि शेपटीच्या दिशेला नजर नाही, म्हणून गस्त घालताना कूस शत्रूकडं ठेवायची. मॉडेल करायला दोन संध्याकाळी पुरतात. दिसायला मला ती पेटी कधीच आवडली नाही, छपरावर ट्रंक बांधलेल्या वडापसारखी वाटते. पण तबकडीचा भार आणि वाऱ्याची आडकाठी वाचते, हे मान्य करायलाच पाहिजे.

भाराचं काकांना न सांगताच कळलं. परवा जोडलेलं धूड त्यांना दाखवायला नेलं होतं. तबकडी खांबावरच्या फिरत्या चकतीला मी फेविक्विकनं टेकवली होती. काकांनी विमान हातात घेतलं, वजन तोललं, तबकडीच्या कडेवर अंगठा ठेवून हलकं दाबलं. टक्. तबकडी निघून शेपटीवर आपटली, तिथून भुशात.

मी गप्प बसलो. काकांनी विचारलं, "खरं विमान आता कुठं आहे?"

सांगितलं. ११ जानेवारी १९९९, तमिळनाडूत अरक्कोणमजवळ. उतरायला येत असताना पाठीवरची तबकडी निखळली. आत आठ जण होते, शास्त्रज्ञ आणि वायुदलाचे लोक. कुणी वाचलं नाही. प्रकल्प तिथंच गुंडाळला गेला, आणि नेत्रा वायुदलाच्या हातात पडायला २०१७ उजाडलं.

काका काही बोलले नाहीत. भुशातून तबकडी उचलून फुंकली. ड्रॉवरमधून बांबूची काडी काढली, घासून तिच्या आठ बारीक खुंट्या केल्या. खांबाच्या माथ्यावर स्पोकच्या बुशाभोवती चार भोकं पाडली, आणि तबकडीखाली फिरणारी जी पितळी चकती मी नुसती चिकटवली होती, तिच्यातून वर तबकडीत चार. अर्धा दिवस गेला. मधे एक गिऱ्हाईक येऊन, ताटकळून परत गेलं. खांबाचा वरचा भाग आणि चकती, दोन्हीकडं खुंट्या, वर फेव्हिकॉल.

"चिकटीवर काय ठेवायचं नसतंय," एवढंच म्हणाले. पैसे घेतले नाहीत.

शेपटीवर आपटलेल्या जागी नखाएवढा खड्डा पडलाय, तो लांबी (पुट्टी) भरून घासायचाय. स्पोकची डगडग अजून आहे. खांबातला बुश बदलून बघणार. पाऊस उघडला की प्राइमर. तोवर हात रिकामे राहू नयेत म्हणून प्राउलर या अमेरिकेच्या, शत्रूची रडारं जॅम करणाऱ्या विमानाच्या मॉडेलच्या काचा घेतल्यात. स्वतःच्या जॅमरच्या लहरींपासून आतल्या चौघांचं रक्षण व्हावं म्हणून त्या काचांत सोन्याचा पातळ थर असे. पारदर्शक पिवळ्यात धुरकट रंगाचा एक थेंब टाकून बघतोय. पहिली काच गुळाच्या काकवीसारखी झालीय. दुसरी उद्या.