येन, तिसरा आठवडा: एका स्वल्पविरामापाशी अडलेलं गाडं सुटलं

जुन्या चिनीतलं ‘येन’ (焉) हे अक्षर शिकतोय. मागच्या वेळी लिहिलं होतं की त्याचे दोन्ही उपयोग (‘त्यात’ आणि ‘कुठे’) पक्के झाले, आता पुढचं अक्षर. पण ‘लुन-यू’च्या, म्हणजे कन्फ्यूशियसच्या वचनसंग्रहाच्या, पाचव्या भागातलं शेवटचं वाक्य आडवं आलं आणि अठरा दिवस तिथेच गेले. काल रात्री सुटलं, म्हणून घाईघाईने लिहितोय.

आधी हाताचं सांगतो. अकरा रेघा आता न बघता येतात. खालच्या चार टिंबांपैकी पहिलं डावीकडे झुकवायचं, उरलेली तीन उजवीकडे. परवा ती चारही नीट बसली, तो कागद जपून ठेवलाय. ऑनलाइन मागवलेली शाई मात्र पातळ निघाली, कागदावर फुटते. कांडी उगाळून केलेली शाईच खरी. कोशात हे अक्षर अग्नीच्या गटात सापडतं, पण टिंबं आगीची नाहीत. इ.स. १००च्या सुमारास कोशकार श्यू शनने येन म्हणजे यांगत्से-ह्वाय भागातला पिवळा पक्षी, असं नोंदवलंय. पुढे पक्षी मागे पडला आणि अक्षर व्याकरणाच्या कामाला लागलं.

आता ते वाक्य. कन्फ्यूशियस म्हणतो, दहा घरांच्या खेड्यातही माझ्याइतका निष्ठावान, शब्दाचा पक्का माणूस असतोच. मग ‘येन’. मग ‘माझ्याइतकी शिकण्याची आवड नाही’. जुन्या पोथीत विरामचिन्हं नाहीत. मोडी वाचणाऱ्यांना ही अडचण वेगळी सांगायला नको. येन मागे जोडला तर ‘त्यात’: असा माणूस त्यात असतोच, पण शिकण्याची आवड माझ्याइतकी नसते. पुढे जोडला तर ‘कुठे’: मग शिकण्यात तरी तो कुठे कमी असणार? एका वाचनात तो स्वतःचं वेगळेपण सांगतो, दुसऱ्यात साऱ्या खेड्याला आपल्या बरोबरीने बसवतो!

दुसरं वाचन माझ्या मनचं नाही, चीनच्या जिन राजवटीतल्या वेइ ग्वान या भाष्यकाराचं (२२०–२९१) आहे. शिवाय ‘लुन-यू’च्याच एकोणिसाव्या भागात ‘गुरुजी कुठे शिकले नाहीत?’ या प्रश्नात येनपाठोपाठ नकार येतोच, त्यामुळे मी त्याच बाजूला झुकलो होतो. छापील आवृत्त्या येननंतर स्वल्पविराम देऊन मोकळ्या होतात, हे मला पटत नाही. निदान तळटीप हवी.

काल सातव्या भागातलं ‘तिघं चालले की त्यात माझा गुरू असतोच’ हे वाक्य वहीत त्याच्या खाली उतरवलं. दोन्हीकडे ‘पी यौ’, म्हणजे ‘नक्की असतो’, मग माणूस, मग येन. साचा तोच! म्हणजे येन मागे जोडायचा, ‘त्यात’वाला. वेइ ग्वानचं वाचन सुंदर आहे, तरी माझं मत आता इकडे.

उच्चाराने हे सुटलं असतं का? सहाव्या शतकात येन चृथ्वेइ हे चिनी पंडित (त्यांचं आडनावही येन, पण त्याचा सूर वेगळा) लिहितात की ‘कुठे’वाला आणि वाक्याच्या शेवटचा येन दक्षिणेत वेगळे उच्चारत, उत्तरेत एकच. म्हणजे दक्षिणेतल्या माणसाला हे वाक्य मोठ्याने वाचताना बाजू घ्यावीच लागली असणार. आज दोन्ही ‘येन’च.

पुढे ‘आर’ हे अक्षर घेणार होतो. पण लिहिता लिहिता वाटतंय, आधी ‘आन’ घ्यावं. आज त्याचा अर्थ शांत, सुखरूप. जुन्या ग्रंथांत तेही ‘कुठे’ विचारतं. आपलं ‘त्याला कुठे कळतंय’ मधलं ‘कुठे’ या दोघांना किती चपखल बसतं, ते वाक्यं शेजारी मांडून बघायचंय. वहीचं पान आखून ठेवलंय.